स्फटिकाच्या पोटातलं पाणी

मित्रांनो, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून इथं लिहून टाकते.

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात मी सेंद्रिय पदार्थ आणि क्षार पाण्यात एकत्र विरघळवून त्या द्रावणातून स्फटिक वाढवते. एक स्फटिक किती लेझर सोसतो, ते आज बघायचं होतं. म्हणजे तो फुटेपर्यंत मारत राहायचं.

हावरटासारखा सगळ्यात मोठा निवडला. त्याच्या द्रावणाचं पाणी लॅब अटेंडंट लक्ष्मणभाऊंनी ओतलेलं. भाऊ नदीकाठच्या कारधा गावचे, मासे धरणाऱ्या घरातले. स्फटिक तयार झाल्यावर तो उजेडात धरून, एका जागी बोट ठेवून ते म्हणाले होते, "मॅडम, याच्या पोटात पानी अडकून हाये. थे एक दिवस बाहेर येतेच." मी हसले होते. मागच्या महिन्यात भाऊ वारले.

आज टक् आवाज झाला. तडा बरोब्बर त्यांनी दाखवलेल्या जागेवरून गेला आणि तड्यातून एक थेंब बाहेर आला.

किती लेझरला फुटला तो आकडा लिहून वळले, तर थेंब सुकलेला. त्याच्या जागी कणभर नवा स्फटिक.

भूतबित काही नाही. द्रावण सुकलं की स्फटिक होतोच, मीच शिकवते हे. पण तो कण बीज म्हणून नव्या द्रावणात सोडून वाढवायचा, तर भाऊ नाहीत, या वेळी पाणी मला ओतावं लागेल.

तुम्ही ओतलं असतं, की तो कण तसाच ठेवला असता?