टोचून न पाहिलेली चेसिस

मी चौथीपर्यंत शिकले. लिहिण्या-वाचण्यापुरतं तेवढं पुरतं. बाकी जे येतं ते गाडीखाली उताणी पडून शिकले.

वणीच्या रस्त्याला आमचं वेल्डिंगचं दुकान होतं. माझ्या घरधन्यांना सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणे. पत्रा ठोकून ठोकून पन्नाशीच्या आधीच त्यांचे कान गेले होते, आणि पाठ अशी धरली होती की जमिनीवर निजले तर उठवायला दोन माणसं लागत. मी अंगानं काटकुळी. जुनी गाडी घेणारा कोणी चेसिस दाखवायला आला की मिस्त्री म्हणायचे, "जाय वो खाली." मी पदर खोचून सरकत आत जायची. सुरुवातीला लोक हसले. मग हसेनासे झाले.

चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. इंजिन, चाकं, बॉडी सगळं त्याच्यावर बसतं. बॉडी सडली तर नवा पत्रा लावता येतो. चेसिस सडली तर घेणाऱ्यानं हात जोडून घरी जावं. जीपच्या चेसिसच्या दोन्ही तुळया बंद डब्यासारख्या असतात. त्यांना आतून जंग लागतो, वरून काही दिसत नाही. विकणारे तर डांबर फासून, भोकं भरून आणतात. आमच्याकडच्या गाड्या कोळशाच्या कामावर फिरलेल्या, आणि कोळशाचं पाणी लोखंडाला सोडत नाही. म्हणून छोट्या हातोडीनं ठोकत जायचं. चांगलं लोखंड टणकन बोलतं. सडलेलं किंवा भरलेलं ठप्प बोलतं. पण ठप्प ऐकून लगेच तोंड उघडायचं नाही, हा मिस्त्रींचा नियम होता. जिथं ठप्प वाजलं तिथं पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घेऊन जोर लावून टोचायचं. पेचकस आत गेला तर सडली. नाही गेला तर पुन्हा ठोकायचं, पुन्हा ऐकायचं. त्यानंतर मी खालूनच ओरडून सांगायची, कारण हळू बोललेलं त्यांना कळत नसे. माझ्या एका शब्दावर गाडी घेतली जायची किंवा फिरवली जायची. मला त्याचा गर्व होता. कशाला नाकारू?

कापसाची ती वाईट वर्षं होती. ट्रॉल्या बनवायला कोणी येईना. जुन्या गाड्या मात्र खूप फिरत होत्या, कारण जो तो गाडी काढून टाकत होता, आणि घेणारा घाबरून घेत होता. आम्हाला चेसिस बघण्याचंच काम उरलं. गावाबाहेरचा जिनिंगचा कारखाना तर तीन हंगाम बंदच होता. पूर्वी दसऱ्यानंतर तिथं कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची. आता फाटकाला कुलूप आणि आत तरोट्याचं रान वाढलेलं. शेवटी जिनिंगच्या मालकाच्या घरच्यांनी मशिनी, पत्रे, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकायचं ठरवलं. त्यातच ती गाडी होती.

विलायती गाडी. दोनच माणसं बसतील अशी, डोक्यावर छप्पर नाही, नाक लांब. मालकाच्या थोरल्या पोरानं नागपूरहून हौसेनं आणली होती, तेव्हा मिस्त्री दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये शिकत होते. त्यांना ती फक्त पुसायला मिळायची. एकदा बंद पडली तेव्हा सगळ्यांनी ढकलली आणि ह्यांना स्टेअरिंगवर बसवलं. ते मला लग्नानंतर कितीदा तरी सांगत, "ढकलून राह्यले होते, पण चालवली मीच." मग थोरला पोरगा अपघातानं नाही, आजारानं गेला, आणि गाडी जिनिंगच्या कोपऱ्यातल्या शेडमध्ये झाकून ठेवली ती ठेवलीच.

त्याच वर्षी मिस्त्रींच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही, आणि उरलेलं किती दिवस टिकेल सांगता येत नाही. त्यांना बाजूचं दिसत नव्हतं. समोरचं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं.

गाडी भंगारात जाणार हे ऐकून त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी घेतो ते गाडी."

"कायले?" मी विचारलं.

"उभी करतो. रंग मारतो. तुले बसवून नाक्यापर्यंत नेतो न् आणतो. मग जाऊ दे कुठंबी."

"तुमाले दिसते काय धड?"

"दिसते तवर तर करतो. मंग काय चाचपून करू?"

शेजारणीच्या कानावर हे गेलंच. ती भिंतीवरून म्हणाली, "काय वो, नवरानवरीची गाडी घेऊन राह्यले म्हणते! म्हातारपणी फिरायले चालले काय?" मी तिला म्हटलं, "तुह्या नवऱ्याले सांग, त्यानं बैल तरी जुंपावा तुह्यासाठी." हसलो दोघी. पण मला हसू आलं नव्हतं. मला भीती वाटत होती. वेल्डिंगचा तो पांढरा उजेड. चेसिस उभी करायची म्हणजे महिना-दोन महिने दिवसभर तोच उजेड डोळ्यांसमोर. उरलेलं दिसणंही त्यात जळून जाईल असं माझ्या डोक्यात बसलं होतं. डॉक्टरांना मी हे विचारलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं.

आम्ही शेडवर गेलो. चौकीदारानं ताडपत्री ओढली तशी धूळ आणि रुई उडाली. लाल रंग विटून विटेसारखा झाला होता. टायर बसलेले, त्यामुळे गाडी जमिनीला टेकल्यासारखी. मिस्त्री पुढं गेले आणि दारावर हात ठेवून उभे राहिले. मान इकडून तिकडे फिरवत होते, तुकड्या-तुकड्यानं बघत होते. चौकीदार म्हणाला, "मिस्त्री, हे आता तुमच्याच्यानं उठते काय? त्यापेक्षा मले उठवणं सोपं हाये." मिस्त्रींना ऐकू आलं नाही, ते हसले मात्र.

जॅक लावून एक बाजू जराशी उचलली. त्या फटीत आमच्या दोघांत फक्त मीच मावणार होते.

"जाय वो खाली," ते म्हणाले.

खाली अंधार होता. बॅटरी तोंडात धरली. दोन लांब तुळया, जीपसारख्याच बंद. हातोडी मारली. ठप्प. हातभर पुढं मारली. ठप्प. दुसऱ्या तुळईवर मारली, तिथंही तेच. इतका मेलेला आवाज मी कधी कोळशाच्या जीपमध्येही ऐकला नव्हता. वरून लोखंड स्वच्छ दिसत होतं. पण वरून स्वच्छ दिसणाऱ्या कितीतरी चेसिस मी टोचल्या होत्या.

पेचकस माझ्या कमरेला होता. तो मी काढला नाही.

ह्याला मी आजवर बरीच कारणं दिली. जागा कमी होती. धुळीनं श्वास कोंडला होता. आवाजच इतका साफ होता की टोचायची गरज नव्हती. ती सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. मला ती चेसिस सडलेली हवी होती. कानाला हवं ते ऐकू आलं, आणि मी तिथंच थांबले.

वरून मिस्त्री ओरडले, "काय म्हणते?"

"सडली!" मी ओरडले. "दोन्हीकडून!"

मग म्हणाले, "टोचून पाह्यलं?"

"हो!"

इतक्या वर्षांत कामात मी त्यांच्याशी खोटं बोलले ते एवढंच. मी सरकत बाहेर आले, तोंडावरची धूळ पुसली. गाडीवर ताडपत्री त्यांनी स्वतःच्या हातानं घातली, कडा नीट खोचल्या, जणू ती पुन्हा कोणी काढायला येणारच नाही. वाटेत एवढंच म्हणाले, "बरं झालं तू पाह्यलं. मी तर घेऊन बसलो असतो."

मी कमरेचा पेचकस पदराखाली सरकवला.

आठवड्यानं भंगारवाला कटिंग करायला आला. आम्हाला दुकानाच्या दारासाठी जुने लोखंडी अँगल हवे होते, म्हणून मी शेडवर गेले. मिस्त्री आले नाहीत. गाडीची बॉडी काढून बाजूला टाकली होती, आणि नुसती चेसिस अंगणात उन्हात पडली होती. भंगारवाल्यानं गॅस पेटवून तुळईला लावला. थोडं कापलं आणि आतून धूर यायला लागला. आधी पातळ, मग पिवळा, जाड. त्यानं शिवी दिली, गॅस बंद केला, पाण्याची बादली ओतली, आणि कापलेल्या तोंडातून गज घालून ओढायला लागला. रुई निघाली. ओंजळी-ओंजळी रुई, सरकीची टरफलं, उंदरांची घरटी. तीन हंगाम कोणी नव्हतं, त्याच्या आधी शेडभर कापूस होता. उंदरांनी दोन्ही तुळया या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च भरून ठेवल्या होत्या.

"मावशी, हे पाहा," तो म्हणाला, "अंदर पुरी गादी भरून ठेवली साल्यांनी!"

मी वाकून बघितलं. आत जंग नव्हता. शेड कोरडं, छप्पर शाबूत, पाण्याचा थेंब कधी आत गेला नसेल. सरकीच्या तेलानं लोखंड आतून चिकट, काळसर झालं होतं. मी बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं. मी पेचकस काढला आणि टोचला. जोर लावून टोचला. पेचकसाचं टोक घसरून माझ्याच हाताला लागलं. आणखी चार जागी टोचला. त्या चेसिसला काहीही झालेलं नव्हतं. रुई भरली होती म्हणून ती बोलत नव्हती, एवढंच.

भंगारवाला म्हणाला, "आता काहून टोचता मावशी? आता तर कटली."

त्याच्याकडून हातभर लांबीचा कापलेला तुकडा मागून घेतला. अँगल विसरले.

घरी येऊन तो तुकडा मिस्त्रींच्या हातात दिला. न सांगताही चाललं असतं. त्यांना कळलं नसतं. पण खोटं ठेवून झोपणं मला जमत नाही, आणि माझं ओझं उतरावं म्हणून मी ते त्यांच्यावर टाकलं, हेही आज कळतं.

त्यांनी अंगठा फिरवला. कापलेल्या कडेवर, मग आतून, मग पुन्हा कडेवर. जाडी बघत होते.

"कुठलं हाये हे?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हटलं, "त्या गाडीचं."

अंगठा थांबला.

"तू टोचलं होतं ना?"

"नाई टोचलं. आत रुई भरली होती. उंदरांनी. म्हणून ठप्प वाजलं."

"म्या विचारलं होतं तुले."

"हो."

"काहून वो?"

"वेल्डिंगनं तुमचे डोळे जातील म्हणून."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तुकडा बाजूला ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "माहे डोळे तर जाऊनच राह्यले होते," ते म्हणाले. "मले ठाऊक नाई काय? म्हणूनच तर पायजे होती ते गाडी. तवर काई पाहायले."

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी विचारलं. वेल्डिंगच्या उजेडानं काचबिंदू वाढतो का? ते म्हणाले, वेल्डिंगची काळी काच लावून काम केलं तर ह्या दुखण्याशी त्याचा काही संबंध नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मिस्त्री शेजारीच बसले होते. त्यांना ऐकू आलं का नाही, मी बघितलं नाही.

पुढच्या पोळ्यापर्यंत त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्या दहा-अकरा महिन्यांत त्यांनी खिडकीच्या दोन जाळ्या केल्या आणि एक फाटक. थोडंफार दिसत असतानाचं त्यांचं शेवटचं काम म्हणजे कोणाच्या तरी गोठ्याचं फाटक.

घरात त्यांनी मला वेगळं वागवलं नाही. जेवायला हाक मारत, औषध मागत, शेजारणीवरून चिडवतही. लोकांना वाटलं असेल सगळं आधीसारखंच आहे. एक दिवस बाभुळगावकडचा एक माणूस जुनी जीप घेऊन आला. दुकानासमोर उभी केली, मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, उद्या सौदा करायचा हाये. खालून पाहून द्या."

मिस्त्री बाजेवर बसले होते. म्हणाले, "आता दिसत नाई बाप्पा. दुसरीकडं दाखव."

"तुमी नका पाहू. बाई पाहते ना? सगळे तर तिचंच नाव सांगतात."

मी तोवर हातोडी घेतली होती. पदर खोचला होता.

"तिले काम हाये," मिस्त्री म्हणाले.

मला काही काम नव्हतं. मी दारातच उभी होते, त्यांच्यापासून दोन हातांवर. माझ्या बांगड्या वाजल्या असतील, पण तेवढं बारीक त्यांना ऐकू येत नसे. त्या माणसानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि जीप चालू करून निघून गेला. त्यानंतर मिस्त्री चार वर्षं जगले. "जाय वो खाली" असं ते मला पुन्हा एकदाही म्हणाले नाहीत.