खंडेनवमीचा रिमोट

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी, चहाच्या वेळी, आमच्या हॉलमधला टीव्ही आपोआप सुरू झाला. घरातला युनिव्हर्सल रिमोट त्या दिवशी सकाळपासून बंद होता. टीव्हीवर बाजार समितीतले कांद्याचे भाव चालू होते. हे भाव आमच्या घरात एकच माणूस पाहत असे: माझे वडील, अण्णा. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. दुजोरा मिळाल्याशिवाय बातमी सोडायची नाही, ही नोकरीतली सवय. मी बायकोकडे पाहिलं.

"कुणी लावला?"

"तुम्हीच लावला असंल," सुनंदा म्हणाली.

"रिमोट बंद आहे!"

"मग?"

आईने अण्णांच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे पाहिलं, आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली. एक कप खुर्चीच्या हातावर ठेवला. (मी तो उचलायला गेलो तेव्हा तिने माझ्या हातावर चापट मारली!) गेलं दीड वर्ष आई ओट्यापाशी उभी राहून, कपात न बघता चहा संपवत होती. त्या दिवशी ती खाली बसली. तुरीचा भाव उतरला तेव्हा "बघा, म्हणलं नव्हतं?" असंही कुणाला तरी म्हणाली.

अण्णा चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर होते. फुलंब्रीची जमीन विकून जमाना झाला होता, तरी भाव चुकवत नसत. दर खंडेनवमीला त्यांची पक्कड, पाना, टेस्टर पाटावर मांडून पूजा होई. मागच्या वर्षी सण नव्हता. यंदा आईने सगळी हत्यारं काढली आणि शेवटी रिमोटही पाटावर ठेवला.

"आई, हे हत्यार आहे का?"

"शेवटी शेवटी हेच चालवलं त्यांनी. गप बस."

हळद-कुंकू पाना-पक्कडीला लागलं, स्कूटरला लागलं, फ्रिजला लागलं, माझ्या लॅपटॉपलाही लागलं. पूजेनंतर मी बातम्या लावायला गेलो, तर रिमोट चालेना.

मी तपास पद्धतशीर केला. रिमोट तळहातावर आपटला. सेल काढून उन्हात ठेवले. नवे आणले, तरी चालेना. दुकानदाराने जुनाच माल दिला असणार, असं ठरवून ते त्याला परत केले. आता चालू असल्याचा पुरावा असलेले सेल हवे होते. म्हणून हॉलमधल्या आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळांतून एकेक सेल काढला आणि रिमोटमध्ये घातला. तरीही नाही. एवढ्यात टीव्ही आपला आपण सुरू झाला, आणि मी घड्याळं विसरलो.

आईच्या ते संध्याकाळी लक्षात आलं. घरातली दोन्ही घड्याळं दुपारच्या चहाच्या वेळेवर थांबली होती!

"सुनंदा, बाहेर ये गं," आई हळूच म्हणाली.

"अगं, सेल मी काढलेत," मी म्हणालो.

"आजच काढायची बुद्धी तुला कुणी दिली?"

सुनंदाने देवापुढे जास्तीची वात लावली. आई तिला म्हणाली, "भ्यायचं काय त्यात? घरचंच माणूस हाय."

दुसऱ्या दिवशी दसरा. चहाच्या वेळी मी टीव्हीकडे पाठ करून खिडकीत उभा राहिलो. (निरीक्षणासाठी. मी रामरक्षा पुटपुटत होतो, असं सुनंदा सांगते. त्याला दुजोरा नाही.) पाठीमागे टीव्ही लागला. आवाज वाढत गेला. आणि बोळाच्या पलीकडे, समोरच्या खिडकीत, बनियनवर बसलेले हबीबचाचा माझ्या दिशेने हात रोखून होते. हातात रिमोट होता.

हबीबचाचा अण्णांचे कारखान्यातले जोडीदार. दोघांनी क्रांती चौकातल्या एकाच दुकानातून एकाच दिवशी एकसारखे रिमोट घेतले होते. टीव्हीही एकाच कंपनीचे. चहाच्या वेळी बाजारभाव लावायची सवय अण्णांनी चाचांनाही लावली होती. चाचांचा टीव्ही त्यांच्या खिडकीखाली, आमचा खिडकीसमोरच्या भिंतीवर. मध्ये आमचा जाड पडदा असे. तो सणाच्या धुण्यात फाटला आणि शिंप्याकडे गेला होता.

"चाचा, जरा आवाज कमी करता का?"

"व्हय बेटा, अभी करतो!"

माझ्या पाठीमागे आमच्या टीव्हीचा आवाज कमी झाला.

मग मी आमचा रिमोट खिडकीतल्या उजेडात धरला. त्याच्या तोंडावर, किरण जिथून निघतो नेमकं तिथं, हळद-कुंकवाचा वाळलेला थर होता. आईने देवाला लावावं तसं मनापासून लावलं होतं. ओल्या फडक्याने पुसल्यावर रिमोट पहिल्या दाबात चालला. प्रकरण संपलं होतं. मी आईला सांगायला निघालो, तर सुनंदाने स्वयंपाकघराच्या दारात अडवलं.

"काय सांगणार?"

"खरं ते."

"तिकडं बघा आधी."

आई खुर्चीशी गवारीच्या भावावरून वाद घालत होती. जिंकतही होती. मी रिमोट कपाटात ठेवला. शिंप्याला फोन करून पडद्याची घाई नाही म्हणून कळवलं.

असे काही दिवस सुरळीत गेले. मग चाचा लेकीकडे बिडकीनला निघाले. "चार दिवस तिकडंच हाय," ते रिक्षात बसताना म्हणाले. मी हसून हात हलवला आणि रिक्षा वळल्यावर लक्षात आलं: आता चार दिवस टीव्ही लावणार कोण?

त्या दिवशी सकाळपासून सुनंदाची कटकट चालू होती. "घरात एक घड्याळ धड नाही. लोकांना वेळेवर पेपर देता म्हणं!" मी मुकाट्याने दोन्ही घड्याळं चालू करून दिली. दुपारी आईने चहाचं आधण ठेवलं. मी कपाटातून रिमोट घेतला, "जरा कोपऱ्यावर जाऊन येतो" म्हणालो आणि बोळ ओलांडून चाचांच्या ओट्यावर, जास्वंदीच्या कुंडीमागे उकिडवा बसलो.

भाजीवाली हातगाडी थांबवून बघत राहिली. "साहेब, काय सांडलं का?"

"नाही, नाही. जा तुम्ही."

"मांजर हाय का?"

"बाई, जा ना!"

समोर आमच्या खिडकीत आई दिसत होती. दोन्ही हातांत कप, नजर बंद टीव्हीवर. सुनंदा वर गच्चीवर पापड गोळा करत होती. मी फांदीतून रिमोट रोखला आणि बटण दाबलं. टीव्ही लागला. कांद्याचे भाव सुरू झाले. आई बसली. तिने एक कप खुर्चीच्या हातावर ठेवला, खिडकीबाहेर सरळ जास्वंदीकडे पाहिलं आणि खुर्चीला म्हणाली, "बघा वं तुमचं पोरगं. उन्हात कसं बसलंय."

मी घरी आलो. आईने तिसरा कप भरून ठेवला होता, तो मी प्यायलो.

रिमोट कपाटात ठेवताना हलका लागला. मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. दोन्ही सेल सकाळी मीच घड्याळांत घातले होते. घड्याळं बरोबर वेळ दाखवत होती.