सोललेला दगड

आमच्या ताईला घरात सगळे दगडूबाई म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता, उलट मिरवायची. ज्वालामुखीचे दगड आणायचे, फोडायचे, दळायचे आणि त्या पिठात कुठलं मूलद्रव्य किती ते मोजायचं, हा तिचा धंदा. मी शाळेत भूगोल शिकवते. पृथ्वीच्या पोटात शिलारसाचा समुद्र आहे, असं मी एकदा तिच्यासमोर बोलून गेले, तर तिने जेवता जेवता मला फैलावर घेतलं. "समुद्र कसला डोंबलाचा! खाली घट्ट खडकच असतो. तो वर सरकला, दाब उतरला, की त्यातला थोडासा वितळतो. नाहीतर कुठून पाणी शिरलं तर वितळतो. पोरांना काहीही सांगतेस!"

तिचा सगळा जीव एका डोंगरात अडकलेला. तिथल्या थिजलेल्या लाव्हात टँटलम नावाचा धातू असायला हवा त्याहून जास्त निघाला होता, आणि दगड जितका कडक तितका जास्त. त्यावरून तिने मांडलं, की समुद्राचा जुना तळ खोल खाली गेला, तिथे वितळला, आणि त्याचाच रस या डोंगरातून वर आला. या एका गोष्टीवर तिची नोकरी, तिचं नाव, तिची उमेद उभी होती.

दळण ती आधी अकीक दगडाच्या खलात हाताने करायची. एका दगडात दुपार जायची. मग प्रयोगशाळेत टंगस्टन कार्बाइडची चक्की आली. पोलादाहून कडक भांडं, चहा उकळेपर्यंत दगडाचं पीठ. ताई भलतीच खूश. त्या डोंगराच्या दगडांची वरची साल काढून उरलेला एकूण एक तुकडा तिने त्यात घातला, मागे राखून काही ठेवलं नाही. घाई, दुसरं काय! पुढे डोंगर पुन्हा फुटला आणि तो जुना लाव्हा नव्याखाली गाडला गेला.

एका परिषदेत कुणीतरी साधा प्रश्न विचारला, "चक्की कसली होती?" ताई परत आली ती चेहरा पाडूनच. जिच्यात टँटलम नसतंच अशी शुद्ध गारगोटी तिने त्याच चक्कीत दळली आणि मोजली. गारगोटीत टँटलम निघालं. भांड्यातूनच येत होतं ते. कडक दगड भांडं जास्त खरवडतो, एवढाच तिच्या सगळ्या शोधाचा अर्थ निघत होता.

"पण थोडं तरी दगडाचं असेल ना गं?" ती मला विचारत होती. मला! ज्या मला तिने कधी धड बोलू दिलं नाही. ती इतकी लाचार झालेली मला बघवेना.

न दळलेला दगड आता एकच उरला होता, आणि तो आईच्या उशाशी होता.

पहिल्या खेपेला बाबा ताईची दगडांची पोती उचलायला म्हणून डोंगरावर गेले होते. तिथून त्यांनी मुठीएवढा एक दगड खिशात घालून आणला. पुढे अर्धांगवायूने त्यांचा डावा हात लुळा पडला. डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी भिरकावून दिला आणि हा दगड मागितला. जाईपर्यंत तो त्यांच्या मुठीत असायचा. हाताळून हाताळून गुळगुळीत, काळाशार झाला होता.

"अर्धाच ने," आई म्हणाली.

"आई, वरचा थर खराब असतो. त्यात घाम, हाताचं तेल. तो काढला की लिंबाएवढा गाभा उरेल. सगळाच लागेल."

"याला तरी सोड!" मी ओरडलेच. "बाबांचं काय ठेवणार आहेस की नाही?"

आई दगड गालाला लावून बसली होती. शेवटी तिनेच तो ताईच्या ओंजळीत ठेवला. "तुझ्या कामाचा आहे ना? मग ने. त्यांनीही दिला असता."

काही दिवसांनी ताई आली ती भर दुपारी. या वेळी तिने हातानेच दळलं होतं. टँटलम अगदी साधारण, चारचौघा दगडांत असतं तेवढं. छापलेला लेख मागे घेत असल्याचं ती कळवूनही आली होती.

"काही नव्हतं गं आई. सगळं चक्कीचंच होतं." ती चपला न काढता खाली बसली. उरलेल्या पिठाची छोटी बाटली तिने आईपुढे धरली.

आईला टँटलमशी काय देणंघेणं! तिने बाटली उजेडात धरून पाहिली. "हे आतलं ना?"

"हो."

"आणि वरचं? त्यांचा हात लागलेलं?"

करवतीने साल काढायची, दगड धुवायचा, साल कचऱ्याच्या बादलीत टाकायची. पहिल्या दिवसापासून ताईचे हात हेच करत आले होते. तिच्या लेखी साल म्हणजे घाण. या वेळीही तेच झालं होतं, आणि आई विचारेपर्यंत तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"बादली कधी नेतात?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन हमसाहमशी रडायला लागली. मला तिला दोन शब्द ऐकवायचे होते.

आईने बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि बाटली ताईच्या मांडीवर ठेवली.

"ही तूच ठेव, पोरी," ती म्हणाली. "ही माझ्या काय कामाची?"