रोह्याचे हायमकाका आणि 'असूनही'

हायमकाका अष्टमकरांची आणि माझी पहिली भेट माझ्या चुकीमुळे झाली, आणि हा लेखही माझ्या चुकीमुळेच लिहावा लागतो आहे. गौरवग्रंथातला लेख प्रसन्न चित्ताने लिहावा असा संकेत आहे, तो मला ठाऊक आहे. पण मी संतापलेलो आहे. काकांच्या पंचाहत्तरीला मी खोटं गोड लिहिलं, तर तेही त्यांना लगेच ऐकू येईल.

पेणच्या शाळेत मी मराठी आणि संगीत शिकवायला नुकताच लागलो होतो. शाळेच्या पेटीचा मध्यम अडकला होता. एकदा दाबला की गिरणीच्या भोंग्यासारखा वाजतच राही. पेटी बिघडली की रोह्याला हायमकाकांकडे न्यायची, हे मला दहाजणांनी सांगितलं. वार मात्र एकानेही सांगितला नाही. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारच्या एसटीत पेटी मांडीवर घेऊन निघालो. वडखळला एका बाईंना पेटीचा कोपरा लागला म्हणून बोलणी खाल्ली, नागोठण्यापर्यंत दोन्ही पाय बधिर झाले, आणि रोह्याच्या बाजारात पोचतो तर दुकानाला कुलूप. शेजारच्या कासाराने सांगितलं की आज शनवार, काका हत्याराला हात लावायचे नाहीत, घरी गेलात तर भेटतील.

काका बेने इस्राएली. कोकणातल्या या मराठी यहुदी लोकांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. मराठीचा शिक्षक म्हणवणाऱ्या मला हे त्या दिवशी त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. काकूंनी आदल्या दिवशी करून ठेवलेलं जेवण वाढलं, आणि जेवण झाल्यावर काकांनी मला पेटी वाजवायला सांगितली. मी म्हटलं, आज तर तुमची सुट्टी.

"हाताला सुट्टी हाय," काका म्हणाले. "कानाला नाय."

मी वाजवली. अडकलेल्या मध्यमाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. वरच्या सप्तकातला धैवत आतून गंजायला लागलाय, पावसाळ्यात बसेल, एवढंच म्हणाले. मला तो धैवत चांगला ठणठणीत वाटत होता. पुढच्या आठवड्यात पेटी आणायला गेलो तेव्हा त्या धैवताचं काढलेलं पितळी पातं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. मुळाशी हिरवा ठिपका होता.

काकांच्या कामाबद्दल लिहायचं तर नागोठण्याचा पूर आठवतो. अंबा नदीचं पाणी घरांत आणि देवळांत शिरलं, आणि ओसरल्यावर भजनी मंडळांच्या चिखलाने भरलेल्या पेट्या टेम्पोत घालून लोक रोह्याला आले. कोणीतरी हुशारी करून दोन पेट्या आधीच उन्हात ठेवल्या होत्या, त्यांची लाकडं तडकली. काका त्या माणसावर असे काही तापले की तो टेम्पोमागे जाऊन उभा राहिला. मग काकांनी एकेक पेटी उघडली, सूर (म्हणजे ती पितळी पाती) सुटे केले, ओटीवरच्या सावलीत जुन्या धोतरांवर पसरले, आणि कुठला सूर कुठल्या गावाचा हे खडूने लिहून ठेवलं. गणपतीला सगळ्या पेट्या आपापल्या गावी होत्या. एका देवळाच्या पेटीत दुसऱ्या देवळाचा एक सूरही गेला नाही.

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल. वडखळच्या खाडीकडच्या एका मिठागरवाल्या गावातलं बायकांचं भजनी मंडळ पेणला स्पर्धेत उतरलं होतं. परीक्षक मी. मुख्य गाणाऱ्या पार्वतीबाई प्रत्येक वेळी पंचमाला खाली उतरत होत्या. मी 'बेसूर' असा शेरा लिहिला आणि गुण कापले. त्या बाई माझ्याशी भांडल्या नाहीत. मंडळाची पेटी उचलली आणि थेट रोह्याला काकांकडे गेल्या. रडवेल्या होऊन म्हणाल्या की आता गाणं सोडते. काकांनी त्यांना आधी गायला लावलं, मग भाता दाबून एकेक पट्टी ऐकली.

"गो बाय," ते म्हणाले, "तुझा सूर खाली नाय. पेटी वर हाय."

कुणा शिकाऊ माणसाने पंचमाचं पातं टोकाकडे घासून ते चढवून ठेवलं होतं. बाई बरोबर होत्या, पेटी खोटी होती, आणि परीक्षकाने पेटीवर विश्वास ठेवला होता. काकांनी मला निरोप पाठवला की मार्क पेटीचे कापा, बाईचे नको. मी त्या गावी जाऊन पार्वतीबाईंची माफी मागितली. त्यांनी मला चहा दिला आणि पेटी समोर ठेवून 'आता वाजवा' म्हणाल्या. अख्खं मंडळ हसत होतं.

असे हे काका. त्यांचं आडनाव कुंडलिकेच्या पलीकडच्या अष्टमी गावावरून पडलेलं, पूल ओलांडला की आडनावाचं गाव लागतं. काकू आता नाहीत. दोन्ही मुली इस्राएलला स्थायिक झाल्या, वर्षातून दहादा बोलावतात. काका एकदा जाऊन आले. का परतलात असं विचारलं तर म्हणाले, तिथली हवा कोरडी, पेट्यांना गंजच चढत नाय, मी तिथं बसून करू काय? या उत्तरावर मी खूप हसलो होतो. आज ते आठवलं की हसू येत नाही, कारण ज्या मातीसाठी ते परत आले, त्या मातीतल्या आम्ही शहाण्यांनी त्यांच्यासाठी काय छापलं ते आता सांगायचं आहे.

सत्कारासाठी नेमलेल्या गौरव समितीने निमंत्रणपत्रिका काढली. गुळगुळीत कागद, सोनेरी कडा, वर पेटीचं चित्र. त्या चित्रात काळ्या पट्ट्या सगळीकडे दोन-दोनच आहेत, दोनानंतर यायची ती तीनची जोडणी कुठेच नाही. अशी पेटी जगात कोणी वाजवू शकत नाही, पण पेटीवाल्याच्या सत्काराला ती चालते! समारंभ ठेवला शनिवारी. जन्मभर शनिवारी बंद राहिलेलं दुकान ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांनी ठेवला. आणि खाली परिचयाची ओळ: 'मूळचे परदेशी असूनही त्यांनी मराठी संगीताची आयुष्यभर सेवा केली.'

परदेशी. अष्टमकर आणि परदेशी! मी समितीच्या चिटणीसांना फोन केला. ते म्हणाले, "सर, त्यात कौतुकच आहे की." त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. हारात टाचणी राहिली तर घालणाऱ्याला ती टोचत नाही.

पत्रिका घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांच्याकडे ती आधीच पोचली होती. चष्मा पुसून त्यांनी ती ओळ माझ्यासमोर पुन्हा एकदा वाचली.

"सर, पेटीला बी असंच म्हणाले व्हते. बाहेरची हाय म्हणून रेडिओवर घेत नव्हते. तवा बी इथं देवळात आरती तिच्यावरच चालली व्हती." मग पत्रिका घडी घालून त्यांनी सुरांच्या डब्याखाली ठेवली. "मी येईन. पन स्टेजवर नाय. खाली लोकांत बसतो, ऐकतो."

स्वतःच्या सत्काराला पंचाहत्तर वर्षांचा माणूस खाली बसणार, आणि वर खुर्ची रिकामी राहणार. मी तिथेच समितीवर तोंडसुख घ्यायला लागलो. काका ऐकत होते. अर्ध्या वाक्यात माझी जीभ अडखळली, कारण मला आठवलं की त्या पत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं.

होय, मीच तपासलं होतं. चिटणीसांनी मोबाइलवर पाठवलं, मी ते कागदावर छापून घेतलं, लाल शाईने दुरुस्त्या केल्या आणि फोटो काढून परत पाठवला. प्रुफात 'असूनहि' असं होतं. मी ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर जे केलं तेच केलं. शब्द शुद्ध केला आणि वाक्य तसंच सोडलं. पट्ट्या नाही मोजल्या, वार नाही पाहिला.

मी हे काकांना सांगितलं. सांगताना मला लाज वाटली, आजही वाटते आहे. ते हसले. "पन वेलांटी बरोबर लावलीत ना, सर?"

त्यानंतर मी समितीच्या बैठकीत जाऊन जे बोललो ते गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. समारंभ रविवारी झाला पाहिजे, सगळ्या पत्रिका परत मागवल्या पाहिजेत आणि परिचय मी वाचणार, एवढं पदरात पाडूनच उठलो. तसं काकांना कळवलं आणि विचारलं, आता तरी वर बसाल ना? ते म्हणाले, "तो परिचय आधी वाजवून दाखवा. मग सांगतो."

गेल्या वर्षी एका मंडळाच्या पेटीला काकांनी नवा भाता चढवला, तेव्हा हा आता पंधरा वर्षं बघायला नको असं ते म्हणाले होते. पंधरा वर्षांनी तो भाता त्यांनीच बदलावा, आणि त्यानंतरचाही. त्यांच्या गुडघ्यांना ओटीची पायरी जड होऊ नये, डोळ्यांना पात्यावरचा हिरवा ठिपका दिसत राहावा, आणि त्यांच्या कानाला एकाही शनिवारी सुट्टी मिळू नये, अशी माझी आणि पेण-रोह्याच्या सगळ्या पेट्यांची मागणी आहे.

परिचय मी लिहून ठेवला आहे. 'असूनही' हा शब्द खोडायला निघालो होतो, पण खोडला नाही. तो चुकीच्या जागी बसला होता, फक्त त्याची जागा बदलली. काका, रविवारच्या आधी इथेच वाजवून दाखवतो, ऐका आणि सांगा:

'हायमकाका अष्टमकर, रोह्याचे. आम्ही असे असूनही ते इथेच राहिले.'