बाबांची आरी मी दुरुस्त केली

बाबांच्या हत्यारांची पेटी माळ्यावरून काढली तेव्हा तिच्यात हत्यारं कमी आणि गंज जास्त होता. आमच्या वाडीच्या घरात माळा म्हणजे संडासावरची जागा, बाराही महिने ओल. रंध्याचं पातं लाकडात रुतून बसलं होतं, पटाश्यांच्या मुठी किड्यांनी खाल्ल्या होत्या. एक वाकडं लोखंड तर काय आहे तेच कळेना. मी ते बाबांसमोर धरलं.

"हे काय हाय?"

"हत्यार हाय," बाबा म्हणाले.

आता ह्याच्यावर माणसानं काय बोलावं? मी हिंगण्याला एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर आहे, पंचवीस वर्षं झाली. लोखंडातलं मला कळतं. पण बाबा सुतार असून त्यांच्या हत्याराला लहानपणी मी बोट लावलेलं नाही, कारण त्यांनीच लावू दिलं नाही. "लाकडाच्या नादी लागू नको. लोखंड शिक, डोक्यावर पंखा तरी राहीन," असं म्हणून मला आयटीआयला घातलं. आणि आता नाव विचारलं तर हे उत्तर.

पेटी काढायचं कारण बाबांचा हात. दिवाळीनंतर त्यांना उजव्या अंगाला झटका आला. पाय पंधरा दिवसांत चालायला लागला, हात मात्र मागे राहिला. बोटं बधिर, मूठ अर्धीच मिटायची. सदर भागातल्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की सुरुवातीचे महिने फार मोलाचे, हाताला आत्ताच काम मिळालं पाहिजे, नंतर कठीण जाईल. त्यांनी दाबायला एक पिवळा रबरी बॉल दिला. बाबांनी तो दोनदा दाबला आणि दिवाणाखाली सोडून दिला.

"मी का लहान पोट्टा हाओ? माझी आरी काढ. हात तिच्यानंच सुधरीन."

मग मी हत्यारांच्या मागे लागलो. मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहिले. ते आपले टेबलाशी उभे राहून मजेत काम करतात, आणि मी अंगणात उकिडवा बसून कंबर मोडून घेतोय. गंजलेलं लोखंड सिरक्यात बुडवलं, तारेच्या ब्रशनं घासलं, मुठींना जवसाचं तेल पाजलं. वाकडं लोखंड शेवटी खाच कोरायची पटाशी निघालं, तेही मीच शोधलं.

सगळ्यात वाईट हाल आरीचे होते. अर्धे दाते झिजलेले, आणि उरलेल्यांचं तोंड मुठीकडे. मी कपाळावर हात मारला. आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात सरांनी आमच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती, लोखंड कापायच्या पात्याचे दाते पुढे. उलटं पातं लावलं की हातावर पट्टी बसायची. इथे कोणा येड्यानं सगळीच आरी उलटी घासून ठेवली होती. मी जुने दाते कानशीनं साफ उडवले आणि तिकोनी कानस घेऊन एकेक दाता नव्यानं पाडला, तोंड पुढे. दोन रविवार गेले. मग लाकूड व्हाइसच्या पकडीत धरून उभ्यानं चालवून पाहिली. काकडी चिरावी तशी चालली. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.

बाबा व्हरांड्यात त्यांच्या पाटावर बसले. सागाची फळी समोर, तिच्यावर डावा पाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून त्यांनी दात्यांवरून बोट फिरवलं, पण बोट बधिर. त्यातून ती त्यांचीच आरी, चाळीस वर्षांची. तिच्यावर शंका कोण घेणार? त्यांनी ओढली. आरी नुसती घसरली. पुन्हा ओढली. फळीवर ओरखडासुद्धा नाही. डाव्या हाताचा आधार दिला, तरी तेच. दहा-बारा वेळा करून त्यांनी आरी खाली ठेवली आणि उजव्या हाताकडे पाहून म्हणाले, "मेला साला."

त्या दिवसापासून सगळं बंद. बॉल बंद, व्यायाम बंद, सदरला जाणं बंद. जेवण डाव्या हातानं, चमच्यानं. उजवा हात मांडीवर पडलेला, आणि मधून मधून त्याला शिव्या. "कायले आहेस मंग? हरामखोर." मी समजावलं, ओरडलो, दोन दिवस अबोला धरला. मॅडमनी सांगितलेले महिने डोळ्यांदेखत निघून चालले होते आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपायचा. एका सकाळी माझं टाळकं सरकलं.

"हात नाही गेला तुमचा, मन गेलं! तुम्हालेच बरं व्हायचं नाही."

"अहो, चूप बसा," आतून बायको म्हणाली. बाबांनी चादर डोक्यावर ओढून घेतली, ते मला जास्त झोंबलं.

असे दोन महिने गेले. मग एका सुटीच्या दिवशी तेच बोलणं पुन्हा निघालं आणि मी म्हटलं, आरी कशी चालते ते आता दाखवतोच. बाबा दिवाणावर बसले होते. मी त्यांचा पाट ओढला, फळी घेतली, पाय ठेवला त्यांच्यासारखाच, आणि आरी पुढे रेटली. फळी पायाखालून सटकून दाराला लागली. परत आणली, घट्ट दाबली, रेटली, पुन्हा सटकली. बसल्या बसल्या पुढे जोर लागतच नव्हता. मग ओढून पाहिली. आरी घसरली. तोच खरखर आवाज, ओरखडासुद्धा नाही. आणि माझे दोन्ही हात धडधाकट.

"काहून बे," दिवाणावरून बाबा म्हणाले, "तुयाबी हात गेला काय?"

मला आठवलं ते तेव्हा. खाली बसून काम करणारा सुतार आरी आपल्याकडे ओढतो. बाबांच्या मांडीवर कायम भुसा असायचा, आई धोतर झटकताना रोज कटकट करायची. माझ्या डोळ्यांसमोर हे सगळं झालं होतं आणि मी परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहत बसलो. कोणी येड्यानं उलटी घासलेली नव्हती. येडा मी होतो.

"बाबा," मी म्हटलं, "दाते मी फिरवले. तोंड पुढे केलं."

त्यांनी डावा हात पुढे करून आरी मागून घेतली. वाटलं, आता आरी फेकून मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

"कानस आण," ते म्हणाले.

तीन दिवस मी दाते परत फिरवले. बाबा शेजारी बसून सांगत होते, इथं कमी, तिथं जास्त, एक दाता डावीकडं, एक उजवीकडं. हातातली कानस त्यांनी दोनदा हिसकून घेतली, डाव्या हातानं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पाटावर बसले, फळीवर पाय ठेवला, आरी उजव्या हातात आणि वर डावा हात. ओढली. लाकडात शिरली. दोन बोटं आत जाईपर्यंत त्यांनी ओढली, मग मूठ सुटायला लागली, म्हणून थांबले. मांडीवर चिमूटभर भुसा पडला होता.

दोन महिने तसेच गेले होते, ते आता कोणी परत देणार नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं त्याच्यावरचा भुसा हळूहळू पुसला.

"उगाच शिव्या देल्या तुले," ते हाताला म्हणाले. "तुयी काही चूक नव्हती."

मी समोरच होतो. मलाही त्यांना हेच म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "चहा घेता काय?" आणि ते हो म्हणाले.