अक्कांचा दुसरा पाट

अक्का गेल्याचं मला कारखान्याच्या गेटवर कळलं. पाळी संपवून बाहेर आलो तर त्यांचा मुलगा सायकल धरून उभा. "आई गेली," एवढंच म्हणाला... त्याला आता महिना झाला.

सातवीतच शाळा सोडलेला मी बीडकडून कसबा बावड्याला कारखान्यात कामाला आलो, तेव्हा अक्कांनी गोठ्याशेजारची खोली दिली. मी त्यांच्या ना नात्याचा, ना गोत्याचा. तरी भाकरी त्यांच्याच चुलीवरची. हाक मात्र शेवटपर्यंत "पावणं" अशीच. माझा स्वभाव घाबरा. साधी पाळी बदलायची म्हटली तरी दहा जणांना विचारत फिरायचो. एकदा गावाहून शेजाऱ्यांचं पत्र आलं, मायचे डोळे गेलेत, एकटी आहे, घेऊन जा. मी तिला इथं आणायचं ठरवून टाकलं आणि रोज देवापुढं बसणाऱ्या अक्कांना म्हटलं, बरोबर आहे का, देवाला तेवढं विचारा.

"तिला इचारलंस व्हय?"

"मायला काय विचारायचं?"

"आयला इचारलं न्हाय, आन् देवाला इचारायला आलास! बस हितं."

देव्हाऱ्यासमोर त्यांनी दोन पाट मांडले. एकावर मी, दुसरा रिकामा. आपल्या निर्णयाचा भार ज्याच्यावर पडणार, त्याला मनानं शेजारी बसवल्याशिवाय देवापुढं तोंड उघडायचं नाही, ही त्यांची रीत. मागायचं एवढंच, "देवा, आमा दोघास्नी बुद्धी दे." मी डोळे मिटले, उघडले. काहीच सुचलं नाही. "देव काय तारऑफिसात बसलाय व्हय? उद्या परत बस." बसत राहिलो... आणि एका सकाळी त्या रिकाम्या पाटाकडं बघताना माय दिसली. तिच्या उंबऱ्यात बसलेली, पावलांच्या आवाजावरून येणाऱ्याजाणाऱ्याला नावानं हाक मारणारी. इथं ती कुणाला हाक मारणार होती?

गावी जाऊन विचारलं. "मला इथंच राहू दे रे," म्हणाली, आणि माझा हात काही सोडेना. शेजारणीकडं तिच्या जेवणाची सोय लावून परतलो. पुढं माय त्याच घरात वारली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं... बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही. पण तिला न विचारता केलं नाही, हे अक्कांमुळं.

अक्कांच्या तेराव्यानंतर त्यांच्या मुलानं विचारलं, "पावणं, आईचं काय ठेवून घेताय?" मी पाट मागितले. "एक घ्या की. एकट्याला दोन कशाला?" दोन्ही घेतले. आता गावी परतावं की इथंच राहावं, हा प्रश्न घेऊन रोज बसतो. शेजारी कुणाला बसवावं ते सुचत नाही. माझ्या जाण्याराहण्यानं ज्याचं काही अडेल, असं कुणी उरलेलं नाही. तरी पाट दोन मांडतो, आणि मागताना "दोघास्नी" हा शब्द गाळत नाही.