पडल्यावर टाळी वाजवणारे साडू

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, आणि मी तर म्हणेन चाकणच्याही पार पुढे, माझ्या थोरल्या साडूंइतका उत्साही माणूस दुसरा सापडायचा नाही. कुणाच्याही हातात जुनं वर्तमानपत्र, चिकटपट्टी आणि सुतळी दिली की त्याच्या आयुष्यातले निम्मे प्रश्न सुटतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. या श्रद्धेला ते ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात. एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये साचे करण्यात त्यांची उमर गेली. तिथे एका ट्रेनिंगमध्ये कुणीतरी त्यांना कच्च्या शेवयांचा मनोरा बांधायला लावला. तो कोसळताना यांना जो साक्षात्कार झाला, त्याचा अंमल अजून उतरलेला नाही. पक्की नोकरी सोडून ते लोकांना गटागटाने जमिनीवर बसवून मनोरे बांधून घ्यायला निघाले. ‘लोकांना शिकवता’ असं कुणी म्हटलं की त्यांना राग येतो. "शिकवायचं नसतं राव, करायला लावायचं असतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

सुरुवातीचं सगळं ‘करायला लावणं’ अर्थातच आम्हा नातेवाइकांच्या वाट्याला आलं. सासूबाई त्यांच्याकडेच, चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये राहतात, त्यामुळे रविवारी आम्ही सगळे तिथे जमतो. दार उघडताच साडू ‘या’ म्हणायच्या आधी ‘तुम्ही डावीकडच्या गटात’ म्हणायचे. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांना मुद्दाम एका गटात घालायचे. मनोरा उभा राहिला तर त्यांचा चेहरा जरा पडायचा, आणि मनोरा पडला की मात्र जागच्या जागी उडी मारून टाळ्या. पाहुण्याला वाटायचं, हा माणूस आपली थट्टा करतोय. पण तसं नव्हतं हो, त्यांना खरोखरच आनंद व्हायचा. पडलं की कुठे चुकलं ते दिसतं, न पडणाऱ्या गोष्टीतून माणसाला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी दोन्हीकडच्या मंडळींची सरमिसळ करून नारळ पेलणारा कागदी पूल करायला सांगितला. मुलाचे वडील आणि मुलीचे मामा एका पुलाखाली पालथे पडून एकमेकांना ‘अहो, कोपरा धरा की’ असं ओरडत होते आणि गुरुजी दोनदा मुहूर्ताची आठवण करून गेले. नारळ शेवटी मामांच्या पाठीत बसला. आता ते दोघे दर आठवड्याला एकमेकांना फोन करतात.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे, ज्याच्यासाठी काही करायचं त्याला आधी नीट बघायचं. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात सोयीची मांडणी करून द्यायची यांनी ठरवलं. त्यासाठी सकाळपासून ओट्याशेजारी स्टूल टाकून बसले आणि सासूबाई कुठे वाकतात, कुठे हात पुरत नाही, ते बघत राहिले. शेवटी सासूबाईंनी अक्काला, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलीला, साडूंच्या बायकोला, हाक मारून सांगितलं, "अगं, जावईबापूंना खायला दे काहीतरी. मघापासून नुसते टक लावून बसलेत." संध्याकाळी मात्र मिठाचा डबा, तेलाची बरणी आणि पोळपाट बरोबर हाताच्या टप्प्यात आले होते. सासूबाईंनी पुढच्या आठवड्यात बिल्डिंगमधल्या चार बायकांना ते स्वयंपाकघर दाखवायला आणलं.

पण सासूबाईंच्या कौतुकावर घर चालत नाही. गणेश मंडळं, सोसायट्या, महिला बचत गट, सगळीकडे साडूंचे कार्यक्रम जोरात व्हायचे, आणि शेवटी हातात शाल-श्रीफळ पडायचं. घरातल्या नारळांच्या वड्या करून अक्का कंटाळली. तिने एक दिवस स्पष्ट सांगितलं की दिवाळीपर्यंत कुठल्या कंपनीचं नियमित काम मिळालं तर ठीक, नाहीतर जुने साहेब बोलावतायत तिथे परत जायचं. साडूंनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी मला कुठल्याच गटात घातलं नाही, यावरून मी काय ते ओळखलं.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. आमच्या प्लांट हेडच्या कानावर घालून घालून मी त्यांच्यासाठी एक दिवस मिळवला. साहेबांनी सांगितलं, सकाळच्या पूजेनंतर मशीन बंद असतात, सगळ्या शिफ्टचे लोक एकत्र सापडतील, तेव्हा या. आवडलं तर आपल्या सगळ्या प्लांटचं काम देऊ. तो दिवस खंडेनवमीचा. साडूंना इतका आनंद झाला की त्यांनी नव्या कोऱ्या कात्र्या, कटर आणि पकडी खोकाभर आणल्या. खंडेनवमीला पुजलेल्या हत्यारांना हात लावायचा नसतो, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी तर त्याच सकाळी स्टोअरमधल्या पान्यांना हळदकुंकू वाहून आलो होतो.

कँटीनमध्ये झेंडूची तोरणं, पेढ्यांचं ताट, असा सगळा थाट होता. खोकं टेबलावर ठेवून साडू माईक बघायला गेले. परत येऊन बघतात तर सगळ्या कात्र्या पाटावर ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला कुंकू, वर झेंडूचं फूल. असेंब्ली लाईनवरच्या एका मावशींनी, त्या महाळुंग्याच्याच जुन्या घरातल्या, मोठ्या मायेने सांगितलं, "सर, तुमची नवी हत्यारं बी आमी पुजून घेतली. आता उद्यापतुर हात लावायचा न्हाई." सगळा हॉल हात जोडून समाधानाने बघत होता. प्लांट हेड घड्याळ बघत होते. मला समोर साडू दिसेनात, जुन्या कंपनीच्या गेटातून खाली मान घालून आत जाणारे साडू दिसायला लागले.

साडू पाटासमोर आले. मग त्यांनी चपला काढल्या, कात्र्यांना वाकून नमस्कार केला आणि माईक हातात घेतला. "मी टूलरूमचा माणूस. खंडेनवमीला माझ्या पकडीला कुणी बोट लावलं असतं तर मी भांडलो असतो. आणि आज तुम्हाला न विचारता कात्र्या घेऊन आलो. आजचा पहिला मनोरा माझा पडला." एवढं बोलून त्यांनी स्वतःच जोरात टाळ्या वाजवल्या. मग मावशी हसल्या, त्यांनीही टाळी वाजवली, आणि सगळा हॉल टाळ्यांनी भरून गेला.

त्यानंतर जे झालं ते मी अजून रंगवून सांगतो. साडूंनी फर्मावलं, हत्याराशिवाय दोन टेबलांच्या मधे कागदी पूल बांधायचा आणि त्यावर पेढ्यांचं ताट ठेवायचं. कुणी नखाने कागद फाडतंय, कुणी दाताने चिकटपट्टी तोडतंय, सुतळी तोडता येईना म्हणून मावशींच्या गटाने ती अख्खीच झेंडूच्या माळेसारखी ओवली. वेल्डिंगवाले आणि क्वालिटीवाले, ज्यांचं एरवी कधी जमत नाही, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून ताट धरून होते. प्लांट हेड इस्त्रीच्या शर्टानिशी टेबलाखाली शिरले होते आणि पूल त्यांच्याच अंगावर कोसळला. पेढे सगळीकडे गडगडले. टाळ्या वाजवत पहिले उठले ते साहेबच. वर्षभराचं काम त्यांनी तिथेच कबूल केलं.

आता साडू महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावच्या प्लांटमध्ये असतात. त्यांच्या बॅगेत वर्तमानपत्रं आणि सुतळी अक्का स्वतः भरून देते. आम्हाला सगळ्यांना फार आनंद आहे, खरंच आहे. पण चऱ्होलीचे रविवार आता फार शांत जातात. दार उघडतं, आपण आत जातो आणि कुठेही बसतो. मागच्या रविवारी सगळे आपापल्या मोबाईलमध्ये असताना सासूबाईंनी आतून वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला. रद्दीवाल्याला न देता त्यांनी तो साठवला होता. "दोन गट करा," म्हणाल्या. आम्ही मनोरा बांधला, पंख्याला टेकेल इतका उंच. पंखा बंद करून सगळे श्वास रोखून बघत राहिलो. बराच वेळ उभा राहिला आणि मग हळूच कलंडला.

सगळ्यांची नजर साडूंच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. मग सासूबाई म्हणाल्या, "फोन लावा त्यांना. सांगा, पडला म्हणून."

मी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.